घरपट्टीच्या पावतीवर शाळा कुठे असते?



इयत्ता सहावीच्या नागरिकशास्त्रात 'ग्रामीण स्थानिक शासन संस्था' हा पाठ आहे. ग्रामपंचायत, ग्रामसभा, पंचायत समिती, जिल्हा परिषद. मुलं पाठ करतात, सरपंच-उपसरपंच-ग्रामसेवक यांची कामं लिहितात, चार-पाच गुण मिळतात आणि पाठ संपतो. पण याच पाठाला घरातली एक वस्तू जोडली, तर तो वर्षभर पुरेल इतका मोठा होतो. ती वस्तू म्हणजे घरपट्टीची पावती.

आजचा लेख आहे गावाचा कर आणि गावाची शाळा यांच्या नात्यावर. उदाहरणं आपल्या घोडेगाव परिसरातली घेतली आहेत, थोडा इतिहास आहे, आणि मध्ये अमेरिकेला एक फेरी मारून यायची आहे. कारण तिथे 'शाळेसाठी घरपट्टी वाढवायची का?' हा प्रश्न थेट मतपत्रिकेवर छापतात. आपल्याकडे तो कधी विचारलाच जात नाही. विचारायला हवा का, आणि कसा, ते पाहू.

१) आधी पावती वाचूया

मुलांना सांगा, घरातली घरपट्टीची जुनी पावती घेऊन या. (मूळ पावती नको, वहीत उतरवून आणा. पावती हरवली तर घरी ओरडा बसतो!) ग्रामपंचायतीच्या दप्तरात तीन नमुने एकमेकांना जोडलेले असतात. नमुना ८ म्हणजे कर आकारणीची नोंदवही. कोणाचं घर, किती चौरस फूट, मातीचं की सिमेंटचं की स्लॅबचं, त्यावर कर किती. नमुना ९ म्हणजे कर मागणीची नोंदवही. यंदाचे किती, मागची थकबाकी किती. आणि नमुना १० म्हणजे आपल्या हातात येणारी पावती.

पावतीवर रकाने कोणते असतात? घरपट्टी, दिवाबत्ती कर, आरोग्य कर, पाणीपट्टी. म्हणजे रस्त्यावरच्या दिव्यासाठी आपण किती देतो हे आपल्याला कळतं. नळासाठी किती देतो तेही कळतं. शाळेसाठी? तो रकानाच नाही.

मुलांच्या हे लगेच लक्षात येतं. माझ्या वर्गात एका मुलीने विचारलं होतं, "मग शाळेचं लाईट बिल कोण भरतं?" प्रश्न साधा आहे, पण याचं उत्तर भल्याभल्या पालकांना सांगता येत नाही. म्हणून पुढचा भाग.

२) शाळेचा खर्च नेमका कोण करतं?

महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम १९६१ चा. त्यानुसार १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि गावोगावच्या प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. शिक्षकांचा पगार राज्य शासनाच्या अनुदानातून होतो. पाठ्यपुस्तकं, गणवेश, पोषण आहार यांचा खर्च केंद्र आणि राज्य मिळून उचलतात. वर्गखोल्या जिल्हा परिषद आणि समग्र शिक्षा अभियानातून होतात.

रोजच्या किरकोळ खर्चासाठी समग्र शिक्षा अभियानातून 'संयुक्त शाळा अनुदान' येतं. ते पटसंख्येवर ठरतं. पट ३० पर्यंत असेल तर वर्षाला १०,००० रुपये, १०० पर्यंत २५,०००, २५० पर्यंत ५०,०००, १,००० पर्यंत ७५,००० आणि त्यापुढे १ लाख. यातूनच खडू-डस्टर, रजिस्टरं, वीज बिल, किरकोळ दुरुस्ती, शौचालयाची स्वच्छता. सगळं.

आता ३० पटाच्या वाडीवरच्या शाळेचा विचार करा. १०,००० रुपये भागिले १२ महिने, म्हणजे महिन्याला ८३३ रुपये. त्यात वीज बिल भरा, नळाची तोटी बदला, शौचालय साफ करायला माणूस लावा. आणि हे अनुदान जूनच्या पहिल्या दिवशी हातात येत नाही, वर्षात कधीतरी येतं. तोवर मुख्याध्यापकांच्या खिशातून नाहीतर 'नंतर देतो' म्हणून चालतं. राज्यात वीज बिल थकल्यामुळे जिल्हा परिषद शाळांची जोडणी तोडल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या आहेत. 'डिजिटल शाळा' असा फलक आणि आत बंद पडलेला टीव्ही हे दृश्य त्यातूनच तयार होतं.

म्हणजे मोठा खर्च शासन करतं, आणि शाळा अडते ती छोट्या खर्चावर. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे तो कामाला येणार आहे.

३) मग उरलेलं कोण भरतं? वर्गणी!

ही खिंड आपल्या गावांनी वर्षानुवर्षं लोकवर्गणीने लढवली आहे. त्यात कमीपणा काहीच नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था सुरू केली, ती मुष्टिफंडाच्या धान्यावर वाढली. घरातल्या बाईने दळणातून मूठभर धान्य शाळेसाठी बाजूला काढायचं. आपल्या नगर जिल्ह्यातल्या किती पिढ्या रयतच्या शाळांत शिकल्या! हिवरे बाजारने १९८९ नंतर गाव सावरायला घेतलं तेव्हा सुरुवातीच्या कामांमध्ये शाळा होती, आणि लोकांनी त्यासाठी श्रमदान केलं. २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमानंतर तर रंगकाम, टॅब, प्रोजेक्टर, बाके यांसाठी गावोगाव वर्गणी निघाली.

पण वर्गणीचा स्वभाव समजून घ्यायला हवा.

घोडेगाव हे अहिल्यानगर–छत्रपती संभाजीनगर रस्त्यावरचं बाजाराचं गाव. इथला कांद्याचा बाजार लांबलांबच्या शेतकऱ्यांना माहीत आहे. इथे वर्गणीचं गणित फार सोपं आहे. कांद्याला भाव असला की वर्गणी जमते. निर्यातबंदी लागली, भाव पडला, की शाळेच्या भिंतीचं काम 'पुढच्या साली बघू' होतं. बिचाऱ्या भिंतीला कांद्याचा भाव माहीत नसतो. ती पावसात पडायची तेव्हा पडते.

दुसरी गोष्ट. वर्गणी देतं कोण? ज्यांची मुलं त्या शाळेत आहेत ते. म्हणजे शेतमजूर, छोटे शेतकरी, टपरीवाले, वीटभट्टीवर येणारी कुटुंबं. ज्यांना जमतं त्यांची मुलं सकाळी पिवळ्या गाडीत बसून इंग्रजी शाळेत जातात. तेही कधी मोठ्या मनाने देतात, त्यांचं नाव फलकावर लागतं. पण ते देणं त्यांच्या इच्छेवर. ज्याची ऐपत कमी त्याच्यावर भार जास्त, अशी ही उलटी रचना आहे.

तिसरी गोष्ट हिशेबाची. कराची पावती मिळते, लेखापरीक्षण होतं, थकबाकीदाराची यादी लागते. वर्गणीत बऱ्याचदा वही असते, कधी तीही नसते. मग गावात कुजबुज होते आणि ज्याने चांगुलपणाने पुढाकार घेतला त्याच्याच अंगावर येतं.

एका वाक्यात सांगायचं तर वर्गणी हा एक करच आहे. फक्त त्याला दर नाही, यादी नाही आणि त्यावर कोणी मत दिलेलं नाही.

४) अमेरिकेत मतपत्रिकेवर शाळा

आता थोडं लांब जाऊ. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी शाळांचा कारभार 'स्कूल डिस्ट्रिक्ट' नावाची स्थानिक संस्था बघते. तिचं मंडळ लोक निवडून देतात. आणि शाळेच्या खर्चाचा मोठा वाटा घर-जमिनीवरच्या स्थानिक करातून येतो. नवीन इमारत बांधायची आहे, शिक्षक टिकवायचे आहेत, पैसे कमी पडतात, अशा वेळी अनेक राज्यांत हा कर वाढवण्यासाठी किंवा शाळेसाठी कर्जरोखे काढण्यासाठी मतदारांची परवानगी लागते. मतपत्रिकेवर तसा प्रस्ताव छापतात: अमुक इतका कर, अमुक इतकी वर्षं, अमुक कामासाठी. होय की नाही?

मत देणाऱ्यांमध्ये शाळकरी मुलांचे आईबाप असतात, तसे मुलं मोठी होऊन घर सोडून गेलेले आजी-आजोबाही असतात. तिकडे नोकरीसाठी जाऊन नागरिक झालेली मराठी कुटुंबंही अशी मतं देतात. 'माझं मूल त्या शाळेत नाही, तरी मी का भरू?' हा प्रश्न तिथे घराघरात चर्चेला येतो. उत्तर काहीही येवो, पण प्रश्न उघड्यावर येतो.

या पद्धतीचा एक प्रसिद्ध धक्काही आहे. ६ जून १९७८ रोजी कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी 'प्रस्ताव १३' मंजूर केला. मालमत्ता कर किमतीच्या १ टक्क्यावर रोखला गेला, वर्षाची मूल्यवाढ जास्तीत जास्त २ टक्के, आणि ठरावीक कामासाठी नवीन स्थानिक कर लावायचा तर दोन तृतीयांश मतं हवीत. घरमालक खूश झाले. शाळांचं स्थानिक उत्पन्न एकदम आटलं आणि राज्य सरकारला भार उचलावा लागला. पुढे २००० मध्ये लोकांनीच शाळांच्या कर्जरोख्यांसाठी अट सैल करून ५५ टक्क्यांवर आणली. म्हणजे लोक हात आखडता घेतात, आणि परिणाम दिसले की थोडा सैलही सोडतात.

पण अमेरिकेकडून शिकण्यासारखा सगळ्यात मोठा धडा टेक्सास राज्यातला आहे. सॅन अँटोनिओ शहरात एजवूड नावाचा गरीब, बहुतांशी मेक्सिकन वंशाच्या लोकांचा शाळा विभाग होता आणि जवळच अलामो हाइट्स हा श्रीमंत विभाग. १९६७-६८ चे आकडे फळ्यावर लिहा:

एजवूड: १०० डॉलरच्या मालमत्तेवर कर १.०५ डॉलर. त्यातून एका मुलामागे जमले २६ डॉलर.

अलामो हाइट्स: १०० डॉलरच्या मालमत्तेवर कर ०.८५ डॉलर. त्यातून एका मुलामागे जमले ३३३ डॉलर.

पुन्हा एकदा वाचा. गरीब वस्तीने कराचा दर जास्त लावून घेतला, तरी हातात आले २६. श्रीमंत वस्तीने दर कमी ठेवला, तरी आले ३३३. कारण घरंच महाग! राज्य आणि केंद्राची मदत धरूनही एजवूडच्या मुलामागे ३५६ डॉलर आणि अलामो हाइट्सच्या मुलामागे ५९४ डॉलर खर्च होत होते. एजवूडच्या मुलांनी १९६८ मध्ये मोडक्या शाळांविरुद्ध वर्ग सोडून मोर्चा काढला. डेमेट्रिओ रॉड्रिग्ज या पालकाच्या नावाने खटला उभा राहिला. १९७३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी पालकांच्या विरोधात निकाल दिला. शेवटी १९८९ मध्ये टेक्सासच्याच सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत राज्यघटनेविरुद्ध ठरवली. त्या मोर्चातली मुलं तोवर आईबाप झाली होती.

हे आपल्याकडे आणून बघा. महामार्गावरच्या बाजारपेठेच्या गावात गाळे, गोदामं, हॉटेलं, पेट्रोल पंप असतात. घरपट्टी चांगली जमते. आणि पाथर्डीच्या डोंगराकडेच्या वाडीत दिवाळीनंतर निम्म्या घरांना कुलूप असतं, माणसं ऊसतोडीला गेलेली असतात. तिथे घरपट्टीवर शाळा चालवायची म्हटलं तर काय होईल? ज्या मुलांना हंगामी वसतिगृहाची, जास्तीच्या शिक्षकाची सगळ्यात जास्त गरज, त्यांच्याच शाळेत सगळ्यात कमी पैसा.

५) आपल्याकडे होता 'एक आणा'

'शाळेसाठी वेगळा कर' ही आपल्याला परकी कल्पना वाटते. पण ती आपल्याच मातीत होऊन गेली आहे.

इंग्रजांच्या काळात मुंबई इलाख्यात १८६३ च्या सुमारास 'लोकल फंड' सुरू झाला. शेतसाऱ्याच्या प्रत्येक रुपयावर एक आणा जादा, म्हणजे सोळावा हिस्सा. त्या पैशाचे दोन भाग रस्त्यांसाठी आणि एक भाग शाळांसाठी. नगर जिल्ह्यातल्या शेतकऱ्यानेही तो भरला. आज 'इंग्रजांनी शाळा काढल्या' असं आपण सहज म्हणतो, पण खेड्यातल्या अनेक शाळांमध्ये आपल्या पणजोबांच्या ज्वारी-बाजरीचा पैसा होता.

आणि तेव्हाच एका माणसाने हिशेब मागितला. १९ ऑक्टोबर १८८२ ला महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन दिलं. सरकारी उत्पन्नाचा मोठा वाटा रयतेच्या कष्टातून येतो, पण तो खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, हा त्यांचा रोकडा मुद्दा होता. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही मागणीही त्यातच होती. कर भरणाऱ्याने 'माझ्या पैशातून माझ्या मुलासाठी काय केलं?' असं विचारायचं असतं, हे महाराष्ट्राला तेव्हा त्यांनी शिकवलं.

पुढे १६ मार्च १९११ ला नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. स्थानिक संस्थांना आपल्या हद्दीत सहा ते दहा वर्षांच्या मुलांसाठी शिक्षण सक्तीचं करण्याची मुभा, आणि गरज पडल्यास शिक्षण कर लावण्याचा अधिकार. खर्चाचा एक भाग स्थानिक संस्थेने आणि दोन भाग प्रांतिक सरकारने उचलायचे असा त्यांचा हिशेब होता. १९१२ च्या मार्चमध्ये विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. तरी गोखल्यांचं ते एकास दोनचं प्रमाण मला फार मोलाचं वाटतं. गावाने काहीतरी द्यावं म्हणजे शाळा आपली वाटते, आणि सरकारने जास्त द्यावं म्हणजे गरीब गाव मागे राहत नाही.

आज काय आहे? १९६२ च्या शिक्षण उपकर कायद्याने (आता तो शिक्षण व रोजगार हमी उपकर अधिनियम म्हणून ओळखला जातो) शहरातल्या मालमत्तांवर शिक्षण कर बसतो. नगरपालिका-महापालिका तो गोळा करून राज्य शासनाकडे भरतात. म्हणजे शहरातल्या बिलावर शिक्षणाचं नाव तरी दिसतं, पैसा मात्र आपल्या गल्लीतल्या शाळेत येतोच असं नाही. खेड्यातल्या पावतीवर तर नावही नाही. एक आणा गेला आणि त्याबरोबर हिशेब विचारायची सवयही गेली.

६) मुद्द्यावर मतदान आपल्याला नवं नाही

कोणी म्हणेल, असल्या मुद्द्यावर मत घेणं आपल्याकडे कुठे चालतं? चालतं की! दारूचं दुकान बंद करण्यासाठी महाराष्ट्रातल्या बायांनी 'आडवी बाटली' निवडून आणली आहे. मार्च २००८ च्या शासन आदेशाप्रमाणे किमान २५ टक्के महिला मतदारांनी सह्यांनिशी मागणी केली की गुप्त मतदान होतं. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मतं आडव्या बाटलीला पडली की दुकान बंद. ज्यांना कायद्याचं कलम वाचता येत नव्हतं त्यांनीही चित्रावर शिक्का मारून गावाचा निर्णय फिरवला.

आणि शाळेसाठी तर वेगळ्या मतपत्रिकेचीही गरज नाही. ग्रामसभा आहे. मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण तिचा सभासद. गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यातला जो आकडा कमी असेल तेवढे लागतात. वर्षातून चार सभा व्हाव्या लागतात आणि त्याआधी महिला सभा. ग्रामपंचायतीच्या कामांच्या यादीत शिक्षण आहेच. वित्त आयोगाच्या निधीतून शाळेचं पिण्याचं पाणी आणि शौचालय करता येतं, तसं अनेक गावांनी केलंही आहे.

अडचण अशी की ग्रामसभेत शाळेचा विषय येतो तो बहुधा तक्रार म्हणून. 'मास्तर उशिरा येतात', 'आहारात डाळ पातळ आहे'. तक्रार करायला हरकत नाही, जरूर करा. पण 'शाळेला वर्षाला अमुक रुपये कमी पडतात, ते गावाने द्यायचे का?' असा विषय आकड्यासकट किती ग्रामसभांत येतो?

७) चला, हिशेब मांडू

हा भाग सातवी-आठवीच्या गणिताच्या तासाला घेता येतो. आकडे सोयीसाठी घेतलेले आहेत. तुमच्या गावाचे खरे आकडे ग्रामपंचायतीतून घ्या.

समजा गावात १,००० घरं आहेत. सरासरी घरपट्टी वर्षाला ८०० रुपये.
एकूण मागणी = ८,००,००० रुपये.
वसुली ६० टक्के झाली तर जमा = ४,८०,००० रुपये.

पर्याय पहिला: दर घरामागे शाळेसाठी ५० रुपये वाढवायचे. सगळ्यांनी भरले तर ५०,००० रुपये. पण वसुली ६० टक्केच राहिली तर फक्त ३०,०००. आणि भरणार कोण? जे आधीपासून इमानदारीने भरतात तेच.

पर्याय दुसरा: दर वाढवायचा नाही. वसुली ६० वरून ९० टक्क्यांवर न्यायची. जमा होतील ७,२०,००० रुपये, म्हणजे २,४०,००० जास्त. ग्रामसभेने ठराव करायचा की या वाढीव रकमेचा पाचवा हिस्सा शाळेला. म्हणजे ४८,००० रुपये.

बघा, दर न वाढवताही जवळजवळ तेवढेच पैसे आले. २५० पटाच्या शाळेला संयुक्त अनुदान जेवढं मिळतं, जवळपास तेवढीच रक्कम गावाने स्वतः उभी केली. उरलेले १,९२,००० रुपये गटारी-पाण्याला आहेतच.

आता तिसरा प्रश्न मुलांना नक्की विचारा. या गावाने आपली सगळी घरपट्टी, अगदी १०० टक्के वसूल करून, शाळेला दिली तर किती शिक्षकांचा पगार निघेल? अनुभवी शिक्षकाचा वर्षाचा पगार सात-आठ लाखांच्या पुढेच जातो. उत्तर येतं: एक. फार तर एक. दिवे बंद, पाणी बंद, झाडलोट बंद, आणि शाळेत शिक्षक एक!

हे एक गणित शंभर भाषणांचं काम करतं. 'शाळा गावाने चालवावी, कंपनीने दत्तक घ्यावी, सरकारने आता थोडं बाजूला व्हावं' असा सूर अधूनमधून ऐकू येतो. त्या सुराला उत्तर देण्यासाठी हाच हिशेब पुढे करायचा.

८) मग आपण काय म्हणायचं?

माझं मत स्पष्ट सांगतो.

शिक्षकांचे पगार, वर्गखोल्या, पुस्तकं, आहार ही शासनाची जबाबदारी आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ती पक्की केली आहे. ती घरपट्टीवर ढकलली तर आपल्या जिल्ह्यात गावागणिक एजवूड आणि अलामो हाइट्स तयार होतील.

पण वीज बिल, शौचालयाची रोजची सफाई, पाण्याची टाकी, तुटलेलं फाटक, वाचनालयाची दहा-वीस पुस्तकं हा खर्च गावाच्या आवाक्यातला आहे. तो वर्गणीच्या लहरीवर न सोडता ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकात ठरलेल्या रकमेने यावा. म्हणजे ज्याचं मूल इंग्रजी शाळेत आहे तोही देईल, ज्याला मूलबाळ नाही तोही देईल, आणि महामार्गावरचा गाळेवालाही देईल. वर्गणी मग जास्तीच्या गोष्टींना ठेवू. सहल, स्नेहसंमेलन, एखादा तबला-पेटीचा संच.

दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला, 'गावाने दिलं की सरकार हात काढून घेईल.' ही भीती खरी आहे. म्हणूनच ठरावात गावाचा पैसा कशासाठी हे नाव घेऊन लिहायचं, आणि त्याच ठरावात शासनाकडची मागणीही नोंदवायची. दोन रिक्त पदं भरा, पडक्या खोलीचं निर्लेखन करून नवी द्या. देणाऱ्या गावाची मागणी जास्त वजनाची होते. दुसरा आक्षेप, 'दुष्काळात, कांदा पडलेला असताना कराचं नाव काढू नका.' त्यावर उपाय वरच्या हिशेबात आहे. दराला हात न लावता आधी मोठ्या थकबाकीदारांकडे जा. बहुतेक गावांत थकबाकीची यादी गरिबाच्या झोपडीपासून सुरू होत नाही.

९) शाळा व्यवस्थापन समितीने काय करावं?

१. शाळा विकास आराखड्यात छोट्या खर्चाचं एक पान वेगळं करा. मागच्या वर्षी वीज किती, सफाई किती, दुरुस्ती किती, अनुदान किती आणि कधी आलं, तूट किती. एकच आकडा शेवटी हवा.

२. समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला असतात. हे पान त्यांच्याकडून तयार करून घ्या. मुख्याध्यापकांनी मांडलं तर 'सरांना पैसे हवेत' असं होतं, आईने मांडलं तर गाव ऐकतं.

३. वेळ साधा. ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्याची तयारी साधारण गांधी जयंतीपासून सुरू होते आणि अंदाजपत्रक हिवाळ्यातच ठरतं. एप्रिलमध्ये अर्ज देऊन उपयोग नाही.

४. विषय लेखी द्या आणि ग्रामसभेच्या नोटिशीत छापून येईल हे पाहा. 'ऐन वेळचे विषय' मध्ये शाळा गेली की तोवर माणसं उठलेली असतात.

५. महिला सभेत विषय आधी मांडा. आडव्या बाटलीचा अनुभव सांगतो, बायांनी मनावर घेतलं की ठराव होतो.

६. पैसा आला की २६ जानेवारीला जमा-खर्च शाळेच्या फळ्यावर लिहा. रुपयापर्यंत. पुढच्या वर्षीची वसुली त्यावरच अवलंबून आहे.

१०) वर्गासाठी उपक्रम

• घरपट्टीच्या पावतीवरचे रकाने वहीत उतरवा. प्रत्येक रकान्याच्या बदल्यात गावात काय मिळतं ते समोर लिहा. 'शाळा' असा रकाना असता तर तुम्ही किती रक्कम लिहिली असती? का?

• आजी-आजोबांना विचारा: तुमच्या वेळी शाळा कोणी बांधली? जागा कोणी दिली? पत्रे कोणी आणले?

• बालसभा भरवा. प्रस्ताव: 'गावाने वाढीव वसुलीचा पाचवा हिस्सा शाळेला द्यावा.' दोन मुलं बाजूने, दोन विरोधात. एकाने थकबाकीदाराची, एकाने मूल नसलेल्या शेतकऱ्याची, एकीने अंगणवाडी ताईंची भूमिका घ्यावी. शेवटी चिठ्ठ्यांनी गुप्त मतदान. निकाल काहीही लागो, हरलेल्या बाजूचा सगळ्यात चांगला मुद्दा जिंकलेल्यांनी फळ्यावर लिहायचा.

• एजवूड आणि अलामो हाइट्सचे आकडे घेऊन स्तंभालेख काढा. 'दर जास्त, तरी पैसा कमी' हे तीन वाक्यांत समजावून लिहा.

• विचार करा: फुल्यांनी १८८२ मध्ये विचारलेला प्रश्न आज ग्रामसभेत विचारायचा झाला तर तुम्ही कोणत्या शब्दांत विचाराल?

शिक्षक मित्रांनो, हा पाठ घेताना एक पथ्य पाळा. कोणाच्या घराची थकबाकी वर्गात वाचून दाखवू नका, एकत्रित आकडे पुरतात. आणि पालकहो, मूल पावती मागायला आलं तर 'तुला काय करायचंय त्याचं' म्हणू नका. दहा वर्षांनी तेच मूल मतदार होऊन ग्रामसभेत बसणार आहे. तेव्हा त्याला तक्रार तर करता यावीच, पण नमुना ८, ९ आणि १० समोर ठेवून हिशेबही मागता यावा.

तुमच्या गावच्या अंदाजपत्रकात शाळेसाठी रक्कम आहे का, एवढं या महिन्यात नक्की बघून या.